आडनाव हजर

चेकरसाहेबांनी विद्यापीठात नाव घातलं ते शिकण्यासाठी, असा कोणाचा गैरसमज असेल तर तो आधी दूर केलेला बरा. त्यांना हवं होतं ते कार्ड. उभा जन्म बसमध्ये लोकांचे पास तपासण्यात घालवलेला हा माणूस निवृत्त झाला आणि त्याला कळलं, की विद्यार्थ्याच्या कार्डावर बस स्वस्त, सिनेमा स्वस्त, चष्मा स्वस्त आणि पोहण्याचा तलाव तर चक्क फुकट. वयाची अट नाही! सगळ्यात कमी फीचा संध्याकाळचा वर्ग त्यांनी निवडला. विषय निघाला 'दगडांची ओळख'.

"दगडांची कसली ओळख करून घ्यायची?" बायकोने विचारलं.

"घ्यायची कोणाला आहे?" चेकरसाहेब कार्डावरचा स्वतःचा फोटो रुमालाने पुसत म्हणाले.

त्यानंतर ते घरात दिसेनासेच झाले. पोहता येत नव्हतं, तरी रोज तलावात कठडा धरून उभे राहत. कुठे जायचं नसलं तरी बसने जाऊन येत. नजर ठणठणीत असताना एक जादा चष्माही आला. समोर सवलत असून घ्यायची नाही, हे त्यांच्या लेखी पापच. या सगळ्या धबडग्यात वर्गाला जायला सवड कोणाला असणार?

मग विद्यापीठाचा निरोप आला. हजेरी नसेल तर कार्ड रद्द!

चेकरसाहेबांनी बायकोला गाठलं. "अगं, तू जाऊन बस ना वर्गात. मॅडम नुसतं आडनाव पुकारतात म्हणे. आपलं आडनाव एकच. तू 'हजर' म्हणालीस तर खोटं काय त्यात?"

"वा! दुसऱ्याच्या पासावर बसलेल्याला तुम्ही भर उन्हात खाली उतरवायचात. पास जप्त करायचात तो वेगळाच."

"तेव्हा मी नोकरीत होतो."

बायको कुरकुरत गेली आणि परत आली ती उड्या मारायचीच बाकी. "अहो, ऐकलंत का? आपल्या ओट्याचा दगड आहे ना, तो एके काळी वितळलेला रस होता!"

"ओटा गळतोय?" चेकरसाहेबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं.

पुढे घरात दगड यायला लागले. खिडकीत दगड, डब्यांमागे दगड, सोफ्याच्या कोपऱ्यात तर चेकरसाहेब एकदा बसलेच दगडावर. त्यातला एक पांढरट, जडसा दगड त्यांनी न्हाणीघराचं दार आपटू नये म्हणून दाराला लावला. बायको तो उचलायची, धुवून पदराने पुसायची. "यात शिंपला आहे बघा, केवढा जुना!" ती म्हणायची. तिची पाठ वळली, की दगड पुन्हा दाराला.

वर्ष सरलं आणि तोंडी परीक्षा लागली. पास झालं तर कार्ड पुढे चालू, आणि परीक्षेला येताना कार्ड आणायचं, म्हणजे फोटो जुळायला हवा. आता स्वतः गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सकाळी बायकोने त्यांना दगडांसमोर बसवलं.

"हा कोणता?"

"काळा."

"आणि हा?"

"हाही काळाच की."

तिने दगड खाली ठेवला. "खरं सांगू? मला द्यायची होती हो ही परीक्षा. शाळा सुटल्यापासून मला कोणी काही विचारलेलंच नाही. आज भाजी कोणती, हेसुद्धा मीच विचारत आले." तिचे डोळे भरून आले. "फोटो माझा आहे ना कार्डावर," एवढंच चेकरसाहेब पुटपुटले.

तरी ती सोबत गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आतून आडनाव पुकारलं गेलं तेव्हा बाकावरून दोघंही उठली. चेकरसाहेबांनी तिला हाताने बसवलं आणि एकटेच आत गेले.

"तुम्ही कोण?" मॅडम म्हणाल्या. "आमच्या बाई कुठायत? त्यांच्यासाठी मी मुद्दाम अवघड दगड राखून ठेवलाय."

चेकरसाहेबांनी कार्ड पुढे केलं. मॅडमनी फोटो पाहिला, माणूस पाहिला आणि एक पांढरट दगड समोर सरकवला. "बरं, ओळखा."

चेकरसाहेबांचा चेहरा उजळला. अरे, हा तर घरचाच! "हा न्हाणीघराच्या दाराला लावतात," ते ठासून म्हणाले.

मॅडमना सगळा उलगडा झाला. "म्हणजे वर्षभर तुमच्या नावावर त्या बसल्या. मग दोघांनाही काढावं लागेल. त्यांना तर वर्गात पाऊलही ठेवता येणार नाही."

चेकरसाहेबांना बायकोचे सकाळचे ते डोळे आठवले. ते ताठ उभे राहिले. "मॅडम, पास जप्त करा, नियमच आहे तो. पण प्रवाशाला उतरवू नका. नवं तिकीट काढून पुढे जाऊ द्या. मी जन्मात एकालाही जाऊ दिलं नाही, पण तुम्ही द्या." आणि त्यांनी कार्ड स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवलं. हात मात्र अंमळ उशिराच निघाला.

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी बाईंना आत बोलावलं, तिथल्या तिथे नवा प्रवेश दिला आणि लगोलग परीक्षाही घेतली. एकेका दगडावर बाई इतक्या बोलल्या, की त्यांच्या मागचा परीक्षार्थी बाकावरच पेंगला.

आता कार्ड बायकोकडे असतं. परवा दोघं संग्रहालयात गेली. विद्यार्थ्याबरोबरच्या एका माणसाला तिथे सवलत आहे, हे चेकरसाहेबांनीच शोधून काढलं होतं. दारावरच्या माणसाने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि मग दगडांची पिशवी खांद्याला लावून उभ्या असलेल्या चेकरसाहेबांकडे बोट केलं.

"आणि हे कोण?"

बायकोने नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. चेकरसाहेबांच्या कपाळावर घाम आला.

"आहेत आमच्याबरोबर," ती शेवटी म्हणाली. "जाऊ द्या त्यांना."