एका 'हं'ची पोच

लेख छापून आल्याचं घरात सांगायचं नाही, असं मी ठरवलं. विनयामुळे नव्हे. (विनय माझ्या अंगी आहे, पण असल्या कामावर उधळण्याइतका नाही.) कोणीतरी आपण होऊन तो वाचावा, "काय छान लिहिलंय हो!" म्हणावं, आणि मग मी चहाचा कप खाली ठेवत सावकाश "ते मीच," म्हणावं, असा माझा बेत होता. आजवर फसलेल्या माझ्या बेतांमध्ये हा सगळ्यात साधा होता.

लेखाचं नाव 'मुलं घरात बोलत का नाहीत?' आणि लेखक 'एक जागरूक पिता'. खरं नाव घालायचं तर आमच्या ऑफिसात साहेबांची परवानगी लागते. परवानगीचा अर्ज आवक विभागात द्यावा लागतो, आणि आवक विभागात मी बसतो. तिथे आलेल्या कागदाचं पुढे काय होतं हे मला चांगलं ठाऊक असल्यामुळे मी टोपणनाव घेतलं.

माझं काम सोपं आहे. खिडकीतून कागद आत येतो, मी त्याच्या प्रतीवर 'पोच' असा शिक्का मारून ती परत देतो. कागद मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. मी तो वाचलेला नसतो. (सगळे वाचत बसलो तर शिक्के कोण मारणार?) तरी लोक शिक्का बघून खूश होऊन जातात आणि काही दिवसांनी भांडायला येतात. मग मी शांतपणे समजावतो, "अहो, पोच म्हणजे मंजुरी नव्हे." हे वाक्य मी झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते.

तर, लेखाचं ते पान मी घरात सोयीस्कर जागी ठेवू लागलो. जेवणाच्या टेबलावर, फ्रीजवर, आरशाखाली. बायकोनं त्यावर वाटाणे सोलले. बाकी काही घडलं नाही. मी आपला खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पेपर उघडून वाट बघत बसलो. (ही खुर्ची एका अंगाला कलायची. तिच्यातून उठताना दोनदा कुरकुर ऐकू यायची, एकदा तिची आणि एकदा माझी. ती घरातून काढून टाकावी, असं बायकोचं जुनं म्हणणं होतं.)

आणि एका रविवारी सकाळी मुलगी कात्री घेऊन ते पान कापताना दिसली.

"काय कापतेस गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लेख आहे एक. पेपरातला कुठलाही मत मांडणारा लेख निवडायचा आणि त्याला उत्तर म्हणून निबंध लिहायचा. कॉलेजचं काम आहे."

"एवढ्या लेखांतून हाच निवडलास?" माझा आवाज जरा चिरकला.

"हाच. अगदी हवा तसा आहे."

हवा तसा! मी मनातल्या मनात कप खाली ठेवला. आमची मुलगी कॉमर्सला. तिनं ऑडिटर व्हावं असं मला फार वाटायचं, आणि ऑफिसात तर मी तिला केव्हाच ऑडिटर करून टाकली होती. कॉमर्सवाल्यांना निबंध कशाला, अशी शंका मला आली होती. पण शंका आली की ती सोडून द्यायची, ही आमच्या खात्याची शिस्त आहे.

"बाबा, इकडे टेबलाशी या ना. माझ्या समोर बसा. पेपर नको. चष्मा चालेल."

बायको शेजारी बसून वाटाणे सोलत होती. मुलीनं कागद पुढे ओढले. "आमच्या मॅडमचा एक नियम आहे. भांडण्याआधी लेखकाचं म्हणणं असं मांडायचं, की तो समोर बसलेला असता तर त्यानं मान हलवली असती. मान हलली की मग भांडायचं. ऐका. 'लेखकाच्या मते आजची मुलं मोठ्यांना किंमत देत नाहीत, म्हणून ती घरात बोलत नाहीत.'"

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"छे छे! तसं नाही म्हणायचं त्याला."

"मग कसं?"

"त्याला म्हणायचंय की... बाप बिचारा संध्याकाळी कान उघडे ठेवून बसलेला असतो, आणि पोरं आपल्या खोलीत दार लावून बसतात. त्याला राग नाही येत गं. वाईट वाटतं."

"मग तसं लिहायचं की त्यानं."

"लिहिलंय! तिसऱ्या परिच्छेदात."

"तिसऱ्या परिच्छेदात 'सबब, पाल्यांच्या मौनाची दखल घेणे अगत्याचे ठरते' एवढंच आहे."

"वाक्य चांगलं आहे," मी म्हणालो. बायको वाटाण्यांकडे बघून हसली. वाटाण्यांत हसण्यासारखं काय होतं, ते मला कळलं नाही.

मुलीनं खाडाखोड करून पुन्हा वाचलं. "'लेखक रोज संध्याकाळी वाट बघतो. आपल्या मुलीनं समोर येऊन बसावं, दिवसभरातलं काहीही सांगावं, एवढंच त्याला हवं आहे. ती येत नाही, आणि का येत नाही हे विचारायची त्याला भीती वाटते.'"

लेखात मुलगी नव्हती, 'पाल्य' होतं. पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. माझी मान आपोआप हलली.

"हलली," बायको म्हणाली.

"काय हलली?"

"शेंग."

"आता माझं म्हणणं," मुलगी म्हणाली आणि कागद जरा वर धरून, तोंड झाकून वाचू लागली. "'लेखक चुकतो आहे. मुलं बोलतात. माझंच उदाहरण देते. एका संध्याकाळी मी वडिलांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला हिशेबाचे विषय जमतात, पण त्यात माझा जीव रमत नाही. मला भाषा घ्यायची आहे, पुढे पेपरात काम करायचं आहे. एवढं बोलायला मी कितीतरी दिवस धीर गोळा करत होते. पेपरामागून आवाज आला, हं. मी विचारलं, मग घेऊ बदलून? पुन्हा आवाज आला, हं. दुसऱ्या दिवशी मी विषय बदलला.'"

"कोणी बदलला?"

"मी."

"निबंधात?"

"कॉलेजात, बाबा."

माझ्या डोळ्यांपुढून आमचा सगळा स्टाफ सरकत गेला, आणि सगळे हसत होते. मी ताडकन उठलो. "मी हो कधी म्हटलं?"

"हं म्हणालात. दोनदा."

"हं म्हणजे हो नव्हे! हं म्हणजे... हं म्हणजे पोच! आणि पोच म्हणजे मंजुरी नव्हे!"

बायकोनं हातातली शेंग खाली ठेवली. "मग मंजुरीसाठी तिनं कुठल्या खिडकीवर जायचं होतं हो?"

मी पुन्हा बसलो.

"वर्ग मध्येच बदललाय मी," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "मॅडमनी सगळं या निबंधावर ठेवलंय. जमला तर राहायचं, नाहीतर परत हिशेबात. उद्या द्यायचाय. आणि शेवट काही केल्या जमत नाहीये मला."

म्हणजे मी नुसतं गप्प बसायचं होतं. निबंध लंगडाच होता. 'मोठी माणसं ऐकत नाहीत' इथपर्यंत येऊन तो थांबत होता, आणि एवढं तर कोणीही म्हणतं. मी काही बोललो नसतो तर माझी ऑडिटर मला परत मिळाली असती, ऑफिसात माझी लाजही राहिली असती. खोटं कशाला सांगू, थोडा वेळ मी गप्प बसलोही. मुलगी पेनाचं टोपण दातांत धरून माझ्याकडे बघत होती. खुर्चीपाशी येऊन उभी राहिली तेव्हाही ती अशीच बघत असणार. मधे पेपर होता, म्हणून मला दिसली नाही.

मला माझ्या खिडकीवर येणारी माणसं आठवली. शिक्का मारलेली प्रत नीट घडी करून खिशात ठेवतात. आत कोणीतरी आपलं वाचलं, असं समजून जातात. पुढे येऊन भांडतात ते काम झालं नाही म्हणून, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मला फार वाईट वाटलं. लेखात लिहिलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

"लिही," मी म्हणालो. "लिही, की लेखक कान उघडे ठेवून बसतो हे खरं आहे. खोटं नाही बोलत तो. पण त्या कानांनी तो फक्त पोच देतो. मुलांचं बोलणं आत येतं, त्यावर शिक्का बसतो आणि ते ढिगात जातं. मुलाला वाटतं, बाबांनी ऐकलं. एक दिवस त्याला कळतं, की नुसतं मिळालं होतं, वाचलं कोणीच नव्हतं. मग ते पुन्हा खिडकीशी येत नाही. आणि लेखक पेपरात विचारत बसतो, मुलं बोलत का नाहीत."

ती भराभर लिहीत होती. मधेच थांबली. "बाबा, हे लेखकाच्या फारच विरुद्ध जातंय. त्याला राग येईल."

"येऊ दे. त्याला कोणीतरी सांगायलाच हवं होतं."

"आणि ऑफिसातल्या ऑडिटरबाईंचं काय करणार?" बायकोनं विचारलं.

"त्यांची बदली झाली म्हणून सांगेन."

निबंध पसंत पडला. मुलगी त्या वर्गात राहिली. तपासून आलेले कागद तिनं माझ्या हातात दिले, तेव्हा समासात मॅडमनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'लेखकाला जे धड मांडता आले नाही, ते तुम्ही उत्तम मांडले आहे. मात्र त्याने मान हलवली असती, हे कशावरून?' आणि त्याखाली मुलीच्या अक्षरात होतं, 'हलवली. मी समोर बसून पाहिली.'

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हल्ली 'सबब' कोण लिहितं, बाबा?"

"आणि पेपर आरशाखाली कोण ठेवतं?" बायको म्हणाली.

तरीही मी चहाचा कप खाली ठेवला आणि सावकाश म्हणालो, "ते मीच." कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आता मुलगी बोलायला आली की मी पेपर घडी करून ठेवतो. तिचं निम्मं मला कळत नाही, पण मी विचारतो, आणि ती सांगते. संध्याकाळ बरी जाते. तिचा तो निबंध मात्र मी आरामखुर्चीत बसून पुन्हापुन्हा वाचायचो. एकदा असाच त्यात बुडालेलो असताना बायको येऊन काहीतरी बोलून गेली.

परवा दारात दोन माणसं उभी राहिली. जुन्या सामानाच्या दुकानातून आली होती. त्यांनी मला अदबीनं उठायला सांगितलं आणि माझी खुर्ची उचलली.

"मी कधी हो म्हटलं?" मी ओरडलो.

"निबंध वाचत होतात तेव्हा," बायको म्हणाली. "मी दोनदा विचारलं होतं."

मुलगी दाराची चौकट धरून हसत होती. खुर्ची कुरकुरत जिना उतरून गेली. दोघांतल्या एकानं परत वर येऊन एका कागदावर 'आरामखुर्ची, एक नग, मिळाली' असं लिहून खाली सही केली आणि तो कागद माझ्या हातात ठेवला. रीतसर पोच होती.