तिऱ्हाईताचा मालक

सेतूरावांच्या मैलापूरच्या घरात मी पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा एका तांबड्या कुत्र्यानं माझा सविस्तर वास घेतला, आरामखुर्चीत झोपलेल्या दोन मांजरांनी एकेक डोळा उघडून माझी पाहणी केली, आणि खुर्चीशेजारी जमिनीवर पाट टाकून पेपर वाचत बसलेल्या सेतूरावांनी चष्मा कपाळावर ढकलून मला सांगितलं, "भिऊं नका. तें कुत्रें माझें नव्हें."

मी वरच्या मजल्यावरची जागा बघायला गेलो होतो. कुत्रा कोणाचा, हे मी विचारलंही नव्हतं.

पुढं तीन वर्षं मी आणि बायको त्या घरात राहिलो. तेवढ्या काळात हे वाक्य मी पोस्टमनला, भाजीवालीला, मीटर बघायला येणाऱ्या माणसाला आणि श्रावणीला येणाऱ्या भटजींना उद्देशून ऐकलं. एकदा तर कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या पंजातला काटा चिमट्यानं काढता काढता त्यांनी मलाच ते पुन्हा ऐकवलं. काटा निघाल्यावर कुत्र्यानं त्यांचा हात चाटला. सेतूरावांनी हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "दुसऱ्याचें जनावर. उगाच अंगाशीं येतें."

सेतूराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज राजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरले आणि परत जायचं विसरले. मी साताऱ्याचा, विमा कंपनीच्या बदलीनं मद्रासला येऊन पडलेला. आमची दोघांची भाषा एकच आहे, हे आम्हा दोघांना पटायला दोन महिने लागले. "तुमची मराठी फार बिघडली हो," ते मला हळहळून म्हणत. "तिकडे कोणी सांभाळली नाहीं." साताऱ्याच्या माणसाला हे मैलापुरात ऐकून घ्यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटे, पण जागा चांगली होती आणि विहिरीला पाणी होतं.

तेहेतीस वर्षं त्यांनी कोर्टात कारकुनी केली होती. लोकांची प्रतिज्ञापत्रं तपासायची आणि खोटी निघाली की परत करायची, हे काम. तेव्हापासून त्यांच्या जिभेला एक सवय जडली होती. काहीही सांगायचं तर पुढं 'माझ्या माहितीप्रमाणें आणि समजुतीप्रमाणें' असं जोडायचं. नखशिखांत भिजून दारात उभे राहून ते म्हणत, "पाऊस पडतो आहे, माझ्या माहितीप्रमाणें." बायकोनं आमटी पाठवली की भांडं परत करताना सांगत, "मीठ अंमळ कमी होतें. माझ्या समजुतीप्रमाणें." त्यावर भांडता येत नसे, कारण समजूत त्यांची होती. जे खरं नाही त्याखाली त्यांनी जन्मात सही केली नव्हती. शेजारच्या वकिलांच्या मुलाच्या वयाच्या दाखल्यावर सही करायचं त्यांनी नाकारलं, तेव्हापासून त्या घराशी बोलणं बंद होतं. मुलगा वर्षानं लहान दाखवायचा होता, एवढंच.

अशा माणसाकडे जनावरांना नावं कशी असतील? नाव ठेवलं म्हणजे मालकी आली. म्हणून सेतूरावांनी फक्त 'ओळख पटण्यापुरतीं' काही संबोधनं ठेवली होती. मांजरं सदा भांडत, म्हणून पांढरी ती वादी आणि काळा तो प्रतिवादी. कुत्रा त्या भांडणात नसे, म्हणून तो तिऱ्हाईत. मांजरं कुत्र्याच्या ओळखीनं आलेली, त्यामुळं त्यांच्याबद्दलही आपल्याला काही विचारू नये, असं त्यांचं म्हणणं.

एकदा वादी चार दिवस गायब झाली. पाचव्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तर सेतूराव कुंपणाच्या भिंतीपाशी उभे राहून, कोर्टातला शिपाई पुकारा करतो तशा खड्या आवाजात ओरडत होते, "वादी हाजीर होऽऽ!" रस्त्यावरून देवळाकडे जाणाऱ्या दोन बायका दचकून थांबल्या. वादी संध्याकाळी आली, कान फाटलेला, अंगावर चिखल. सेतूरावांनी तिला ओसरीवर उभी करून, न कळवता गैरहजर राहण्याबद्दल अर्धा तास सुनावलं. दूध मात्र त्यांनी त्याआधीच वाटीत ओतून ठेवलेलं होतं, आणि ते फार गार होऊ नये म्हणून वाटी चुलीजवळ ठेवली होती.

आरामखुर्चीचंही तसंच. ती त्यांच्या वडिलांची. पण मांजरांनी तिचा ताबा घेतल्यापासून ते पाटावर बसत. मी म्हटलं, "उठवा की त्यांना." तर म्हणाले, "इतकी वर्षें वहिवाट आहे. असें कसें उठवितां येईल? नोटीस द्यावी लागेल." मला मात्र विहिरीवर एक बादली जास्त उपसली म्हणून त्यांनी लेखी नोटीस दिली होती.

जेवणाचं तर विचारूच नका. एकटा माणूस, पण भात चौघांचा. "उरतो," ते म्हणत, "टाकायचा कोठें? म्हणून घालतों." तो उरावा म्हणून ते रोज तेवढे तांदूळ धुवत, हे मी माडीवरून बघत असे. मग दह्यात कालवून, मीठ न घालता, कारण तिऱ्हाईताला मिठानं खाज सुटते, केळीच्या पानावर मागल्या दारी तो भात ठेवत आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहत. खाताना त्याच्याकडे बघितलं तर तो लाजतो, असं त्यांचं मत होतं.

त्या वेळी शहरात कुत्र्याच्या गळ्यात पितळी बिल्ला असावा लागे. बिल्ला नसलेली कुत्री धरायला गाडी फिरे. मी कितीदा सांगितलं, "सेतूराव, एक अर्ज करा आणि बिल्ला घेऊन टाका."

"अर्जावर मालक म्हणून सही लागते. मी मालक नव्हें."

"मग कोणाचा आहे हो हा?"

"तें तुम्हांस सांगण्याचें कारण नाहीं," म्हणून ते आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हातारा विक्षिप्त आहे, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला काही कळत नाही. ती नेहमीच असं म्हणते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मे महिन्यात, मद्रासला सकाळी सातलाच अंगाची काहिली होते अशा दिवसांत, मी माडीच्या गॅलरीत दाढी करत उभा होतो. सेतूराव लोटा घेऊन दुधाला निघालेले. मागं दहा पावलांवर तिऱ्हाईत. दोघं रोज एकाच वेळी एकाच दिशेनं जात, पण तो योगायोग होता. कोपऱ्यावर गाडी येऊन थांबली. फासा घेतलेला एक माणूस खाली उतरला. भला माणूस असावा, कारण त्यानं आधी सेतूरावांना तमिळमध्ये विचारलं, "सामी, कुत्रं तुमचं का?"

आणि सेतूरावांनी, पोस्टमनला सांगत तसंच, सवयीनं सांगितलं, "माझं नाही."

मी वरून ओरडलो. तोंडाला साबण होता आणि अंतर बरंच होतं. खाली पोचेपर्यंत गाडी तिऱ्हाईताला घेऊन वळली होती.

सेतूराव त्यानंतर जिना चढून आमच्या खोलीत आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. हातात लोटा होता, रिकामा. बायकोनं खुर्ची पुढं केली तर बसले नाहीत.

"मी खरें तेंच सांगितलें," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्यानें वळून माझ्याकडे पाहिलें हो."

दोन दिवसांत कोणी सोडवायला आलं नाही तर धरलेल्या कुत्र्यांचं काय होतं, हे अख्ख्या मद्रासला ठाऊक होतं. मी ऑफिसात निरोप धाडला आणि आम्ही बस पकडली. गाव ओलांडून पार उत्तरेच्या टोकाला जायचं होतं. सेतूराव लोटा हातात घेऊनच निघाले होते, हे अर्ध्या वाटेवर लक्षात आलं.

पत्र्याच्या छपराची कचेरी. मागच्या अंगणातून पन्नास कुत्र्यांचं भुंकणं येत होतं. त्यातला आपला कोणता, ते काही कळेना. टेबलाशी एक जाडा, शांत कारकून बसला होता. त्यानं छापील फॉर्म पुढं ओढला आणि तमिळमध्ये विचारलं, "मालकाचं नाव?"

"मी त्याची देखभाल करतो," सेतूराव म्हणाले.

"ते असू दे. मालक कोण?"

"मी साक्षीदार म्हणून सही करीन."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. माझा तोल गेला. मी मराठीत ओरडलो, "अहो, जीव जाईल त्याचा! लिहा ना तुमचं नाव! एकदा खोटं लिहिलं तर काय आकाश कोसळणार आहे?"

"खोटें कसें लिहूं? तें माझें नव्हें."

"मग ज्याचं आहे त्याला घेऊन येऊ! कोणाचं आहे?"

सेतूराव लोट्याकडे बघत म्हणाले, "आमच्या घरांत."

'घरांत' म्हणजे त्यांची बायको. ती तंजावरकडची बोलण्याची रीत, मला एव्हाना माहीत होती. पण त्या बाई आम्ही राहायला येण्याच्या वर्षभर आधीच वारल्या होत्या. दिवाणखान्यात त्यांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

"मी कचेरीस गेलों कीं त्या मागल्या दारीं ह्याला भात घालीत," ते सांगू लागले. "पिल्लूं होतें तेव्हां. मला पसंत नव्हतें. घरांत सोवळें, देव, आणि दारीं हें. मी तीनदा लेखी हरकत घेतली."

"लेखी?"

"देवघराच्या फळीवर चिठ्ठी ठेवीत असें. एकीचेंही उत्तर आलें नाहीं." ते जरासे हसले. "त्या गेल्यावर मी सगळे कागद नीट करून घेतले. माझें कामच तें. रेशनकार्डावरचें त्यांचें नांव कमी केलें. घराच्या कागदांवरचें केलें. मतदारांच्या यादींतलें सुद्धां. माझ्याच हातानें. हें एक कुत्रें कोठल्या कागदावर नव्हतें, म्हणून त्यांचें राहिलें."

तीन वर्षं मी त्या वाक्यावर हसत होतो, ऑफिसात चार लोकांना ते वाक्य त्यांच्या आवाजात करूनही दाखवलं होतं. त्या कचेरीत उभं राहून मला माझी लाज वाटली.

मी कारकुनाला तमिळमध्ये थोडक्यात सांगितलं. त्यानं टाक खाली ठेवला. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "तुम्ही कोर्टातले. कायदा मी काय सांगणार? बाई गेल्या म्हणजे वारस तुम्ही. वारसानं सही केली तर खोटं काही नाही."

"मला माहीत आहे," सेतूराव म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

कारकुनानं घाई केली नाही. मागं कुत्री भुंकतच होती. सेतूरावांनी लोटा टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, टाक मागून घेतला आणि मालकाच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. कोर्टातलं वळणदार इंग्रजी अक्षर, एकही टिंब न चुकवता. खाली सही केली. सही करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

कारकुनानं कागद फिरवून घेतला. "अजून एक रकाना आहे," तो म्हणाला. "कुत्रा कोणाकडून मिळाला?"

सेतूरावांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हीच सांगा, असं ते पाहणं होतं. पण मलाही ते नाव माहीत नव्हतं. फोटोखाली लिहिलेलं नव्हतं आणि घरात ते कधी कोणी उच्चारलं नव्हतं. त्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, तसं नवराही बायकोचं घेत नसे. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांचं 'अगो'वर भागलं होतं. कागदांवरून नाव कमी करतानाही ते हातानंच केलेलं, तोंडानं नाही.

"अंबुजाबाई," सेतूराव म्हणाले. ओठ हलले, एवढंच.

भुंकण्याच्या गोंगाटात कारकुनाला ऐकू गेलं नाही. त्यानं कानामागं हात धरला.

"अंबुजाबाई."

कारकुनानं लिहून घेतलं, कागदावर शिक्का मारला आणि शिपायाला हाक मारायला तो मागल्या अंगणाकडे गेला. टेबलापाशी आम्ही दोघंच उरलो. सेतूराव कागदावरच्या त्या ओल्या शाईकडे बघत होते.

"अंबुजा," ते म्हणाले. या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं.