छापून आलंय

वाघमारेबाईंनी वाचलेला पेपर आमच्या कचेरीत दुसऱ्या कुणाला वाचता यायचा नाही. त्यात खिडक्या पडलेल्या असायच्या. नगरपालिकेत त्यांचं कामच ते. गावाबद्दल जे छापून येईल ते कापायचं, कागदावर चिकटवायचं आणि अकराच्या आत मुख्याधिकाऱ्यांकडे फाईल पाठवायची. उरलेल्या जाळीत त्या दुसऱ्या दिवशी भाकरी गुंडाळून आणायच्या. मी शेजारच्या टेबलावर आवक-जावक बघायचो.

"छापून आलंय," एवढंच त्या म्हणायच्या, तेही हळू आवाजात. पाणीपुरवठ्याचे साहेब अर्धा चहा टाकून उठायचे.

मग इथले पेपर बंद पडू लागले. आधी साप्ताहिकं, मग सायंदैनिक. शेवटच्या संपादकांनी मशीन विकलं आणि ते आळंदीला मुलीकडे राहायला गेले. पुण्याच्या मोठ्या पेपरांत आमच्या गल्ल्यांना जागा नव्हती. फाईल कोरी जाऊ लागली. तक्रारी कमी झाल्यात, असं मुख्याधिकारी बैठकीत समाधानाने म्हणाले.

त्याच आठवड्यात कंपनीत कामाला जाणारी एक बाई नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली. पाण्याला गटाराचा वास येत होता. तिचा तो तिसरा अर्ज. मी शिक्का मारला. वाघमारेबाईंनी बाटली हुंगली, पत्ता लिहून घेतला आणि रविवारी स्वतः त्या गल्लीत जाऊन आल्या. सोमवारी फाईलमध्ये एका कॉलमाची बातमी होती, मथळ्यासकट. दोन दिवसांत पाइप बदलला.

अशा पाच-सहा बातम्या गेल्या. मग बदलून आलेल्या नव्या मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, हा पेपर कुठला? बाई उभ्या राहिल्या.

"कुठलाच नाही, साहेब. आता छापणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मी टाइप केलं. पण त्यात खोटं काही नाही."

खरं-खोटं साहेबांनी तपासलं नाही. बाईंना नोटीस दिली आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. फाईल माझ्याकडे आली. मी रोज कोरा कागद वर पाठवतो. 'पाहिले' असा शेरा होऊन तो खाली येतो.

एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं, नोकरीवर बेतेल असं कशाला केलंत? त्यांनी भाकरी मोडली. मग सांगितलं. त्यांचे यजमान पहाटे फर्स्ट शिफ्टला निघाले होते. रस्त्यातल्या उघड्या चेंबरमध्ये मोटरसायकल गेली. ते वाचले नाहीत. त्या चेंबरसाठी गल्लीने दोन वर्षं अर्ज केले होते.

"साप्ताहिकात चार ओळी आल्या," बाई म्हणाल्या. "ह्यांचं नाव पण चुकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी झाकण बसलं."

तेवढ्यात खिडकीशी एक तरुण बाप आला. मुलीची नोंद करायची होती. बाईंनी डबा सरकवला, हात पुसले.

"नाव सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "मी लिहून परत वाचून दाखवते."