ओव्याचं तेल आणि वीस बाटल्या

शेजारी चहाला येऊन दोन कप मागणारा माणूस हावरट असतो, असं माझं ठाम मत होतं. निमोणकर शेजारी राहायला आले आणि ते मला बदलावं लागलं.

पहिल्यांदा घरी आले तेव्हा सुशीला, म्हणजे माझी बायको, चहासाठी आलं ठेचत होती. "आल्यानं कशी तरतरी येते," ती सहज म्हणाली. निमोणकरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुरावा काय, वहिनी? एका कपात आलं घाला, एकात नको. कुठल्यात काय ते मला सांगू नका." मग चिमटीत नाक धरून त्यांनी दोन्ही कप संपवले आणि फरक नसल्याचं जाहीर केलं. त्या दिवसापासून सुशीलानं त्यांना बिनआल्याचा चहा दिला. फरकच नाही तर आलं कशाला वाया घालवू, असं तिचं म्हणणं.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराची ही गोष्ट. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता आणि आम्ही सगळे जिल्ह्याजिल्ह्यांतून येऊन त्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. मी टाइम ऑफिसात हजेरी मांडायचो, निमोणकर प्रयोगशाळेत सहायक होते. नगरकडचा, चाळिशीतला, एकटा माणूस. जगात कुणी काहीही म्हणालं की हे विचारणार, "पुरावा काय?" कुणी म्हणालं आज थंडी जास्त आहे, तर हे कोटाच्या खिशातून थर्मामीटर काढणार. माझं तर डोकंच फिरायचं.

फक्त एका गोष्टीपुढे हा माणूस विरघळायचा. ओवा. त्यांच्या खिशात ओव्याची पुरचुंडी असायची, खोलीत ओव्याच्या तेलाची बरणी असायची आणि अंगाला कायम त्याचा वास.

एका सकाळी ते प्रयोगशाळेतून जवळजवळ पळतच माझ्या टेबलापाशी आले. काचेच्या बशीत जंतू वाढवले होते म्हणे, मध्यभागी ओव्याच्या तेलाचा एक थेंब सोडला होता आणि थेंबाभोवती रुपयाएवढी जागा लख्ख झाली होती. "मेले हो, सगळे मेले," असं ते सांगत सुटले. मीही हजेरीचं पुस्तक तसंच टाकून बशी बघायला धावलो. खोटं कशाला बोलू, मलाही भारी वाटलं.

त्यांच्या साहेबांनी मात्र बशीकडे एकदा बघून विचारलं, "फिनेलनंही जंतू मरतात, निमोणकर. म्हणून तुम्ही फिनेल पिता का?"

दुसरा कुणी खट्टू झाला असता. हे आनंदानं नाचायचेच बाकी राहिले. "बरोबर आहे साहेबांचं. बशीत मरतात, पण माणसात? ते कुणी बघितलंय का? आपण बघू."

आणि आमच्या क्वार्टर्सची प्रयोगशाळा झाली. त्यांनी दोन बरण्या केल्या. एकीत तिळाच्या तेलात ओव्याचं तेल, दुसरीत नुसतं तिळाचं तेल, पण वासावरून कळू नये म्हणून त्यात दोन दिवस ओव्याची पुरचुंडी लोंबकळत ठेवलेली. मी नाणं उडवून वीस घरांसाठी वीस बाटल्या भरायच्या, त्यांवर नंबर घालायचे आणि कुठल्या नंबरात काय ते कागदावर लिहून, लिफाफ्यात लाखेनं बंद करून माझ्या ट्रंकेत ठेवायचं. घरात कुणाला खोकला झाला की कोमट पाण्यात दोन थेंब, आणि खोकला किती दिवस राहिला ते वहीत.

"तुम्हीच भरा की बाटल्या," मी वैतागून म्हणालो.

"मी नको. मला ओव्याची माया आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

थंडी पडली. रोज संध्याकाळी निमोणकर वही घेऊन वीस दारांशी उभे. बायका त्यांना बघून पदराआड हसायच्या, पण खोकल्याचे दिवस मात्र चोख सांगायच्या. संक्रांत झाली आणि चमत्कार झाला. वीसच्या वीस घरांतून एकच उत्तर यायला लागलं, "गुण आला, भाऊजी." निमोणकरांना जमिनीवर पाय ठेवणं मुश्कील झालं. पण वीसही कसे? अर्ध्या घरांत तर नुसतं तिळाचं तेल होतं. लिफाफा फोडायच्या आदल्या दिवशी मी सुशीलाला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, आम्ही सगळं एकत्र केलं ना."

हळदीकुंकवाला सगळ्या आमच्याकडे जमल्या होत्या. कुणाच्या बाटलीनं घसा चरचरतो, कुणाच्या नाही, अशी चर्चा निघाली. मग आमच्याच पितळी पातेल्यात वीसही बाटल्या ओतल्या, ढवळल्या आणि पुन्हा सारख्या वाटून वाण म्हणून लुटल्या. पुढाकार गेटवरच्या रखवालदाराच्या बायकोचा, शेवंताबाईंचा. मावळातल्या जुन्या घरातल्या त्या. मी विचारायला गेलो तर माझ्यावरच उखडल्या, "एकीला गुनाचं आन् एकीला बिनगुनाचं, ह्यो कुठला न्याय? सवाष्नी सवाष्नीत दुजाभाव करीत न्हाई आमी."

मी निमोणकरांना अंगणात बसवून सगळं सांगितलं. हसतील अशी आशा होती. ते वहीची पानं उलटत राहिले आणि मग म्हणाले, "मला एक मुलगी होती. सुमन. सहा वर्षांची."

मला हे माहीतच नव्हतं.

"खोकला झाला, मग ताप चढला. सगळे म्हणाले ओवा द्या, उतरेल. तीन दिवस दिला. पुरावा कुणी मागितला नाही, मीही नाही. तालुक्याला दवाखाना होता आणि आमची बैलगाडी दारात होती." त्यांनी वही मिटली. "ओवा खरंच लागू पडत असेल, तर मी करायचं ते केलं. पडत नसेल तर... एकदा कळू दे, एवढंच."

सुशीला दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तशीच शेवंताबाईंकडे गेली. दुसऱ्या दिवशी शेवंताबाई निमोणकरांपुढे येऊन म्हणाल्या, "भाऊ, पुन्यांदा भरा बाटल्या. ह्या खेपंला एकबी थेंब इकडचा तिकडं झाला तर मला इचारा."

पुढच्या थंडीत तसा थेंब हलला नाही. लिफाफा मी फोडला आणि वहीशी ताडून बघितला. ओव्याच्या घरांत खोकला जितके दिवस होता, तितकाच नुसत्या तेलाच्या घरांत. "अहो, वीसच तर घरं," मी म्हणालो. "एवढ्यावर काय सिद्ध होतंय? हा काही पुरावा नव्हे."

"माझंच वाक्य मला ऐकवता होय," म्हणून ते हसले.

मला वाटलं, आता हा माणूस ओवा टाकून देणार. पुरचुंडी खिशात तशीच राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी आमची मुलगी मीना थोडी कणकणली. सुशीला तव्यावर ओवा गरम करून तिची छाती शेकत होती. दोन-चारदा मीना खोकली असेल नसेल, निमोणकर सायकल घेऊन दारात.

"दवाखान्यात चला."

"अहो, साधी कणकण आहे," मी म्हणालो. "थर्मामीटर तरी लावून बघा. ताप आहे याला पुरावा काय?"

"पुरावा नंतर," ते म्हणाले आणि त्यांनी मीनाला उचलून सायकलच्या दांडीवर बसवलं.