जुनी पट्टी येऊ शकत नाहीत

वक्ते जमवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही! मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कुणीही फुकट वापरावं आणि जमलं तर उघडून दुरुस्तही करावं. त्यासाठी राबणाऱ्या लोकांची दरवर्षी परिषद भरते आणि सहा वर्षं तिथले वक्ते मी आणते. विमान चुकलेले, विषय विसरलेले, एक तर भलत्याच परिषदेत जाऊन टाळ्या घेऊन बसलेले! सगळ्यांना मी वेळेवर माइकसमोर उभं केलंय. न आलेला वक्ता माझ्या नावावर एकही नव्हता. यंदापर्यंत.

पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "यंदा मुख्य वक्ता जुनी पट्टी!"

"ही कोण?" चौघांनी एकदम विचारलं.

"ते कुणालाच माहीत नाही. आपल्या नकाशे काढायच्या प्रोग्रॅममधल्या चुका या टोपणनावाने अकरा वर्षं शोधून देणारं माणूस. तीनशे चुका! आणि शब्द किती? 'रेघ चुकली आहे. दुरुस्त करा.' बस्स!"

मी वहीत लिहून घेतलं. अक्षर नीट आलं.

जुनी पट्टी म्हणजे माझे बाबा. तीस वर्षं पाणीखात्यात नळांचे नकाशे काढत होते. निवृत्तीनंतर हा प्रोग्रॅम मीच त्यांना शिकवला आणि त्यांच्या रागाला उरलेल्या आयुष्याची सोय झाली. चार महिन्यांपूर्वी ते गेले.

हे तिथेच सांगायला हवं होतं, कळतं मला. पण चार महिने मी तेच एक वाक्य लिहीत होते. बँकेला, टेलिफोनवाल्यांना, वाचनालयाला, चष्म्याच्या दुकानाला. प्रत्येकाने तत्परतेने त्यांचं नाव काढून टाकलं. चष्मेवाल्याने वर विचारलं, 'आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?' उरली होती फक्त त्या प्रोग्रॅमची साइट. तिथे बाबांच्या त्रेचाळीस तक्रारी अजून उघड्या होत्या. दर महिन्याला तिथून आपोआप विचारणा येते, 'ही अडचण अजून आहे का?' तक्रारदार गप्प राहिला की तक्रार बंद. म्हणून दर महिन्याला मी बाबांच्या नावाने त्रेचाळीस वेळा लिहीत होते, 'आहे.' ते गेले हे सांगितलं असतं, तर तिथूनही गेले असते.

तेव्हा मी रीतसर निमंत्रण पाठवलं. जेवणाच्या टेबलाच्या या टोकाला मी कळ दाबली, त्या टोकाला बाबांचा लॅपटॉप 'टिंग' करून वाजला! मी खुर्ची बदलली आणि उत्तर लिहिलं: 'आपल्या प्रेमळ निमंत्रणाबद्दल ऋणी आहे. परंतु प्रवास झेपत नाही.' परत या खुर्चीत येऊन ते समितीला पाठवलं.

"हात्तिच्या!" अध्यक्ष म्हणाले. "मग घरूनच बोलू देत. पडद्यावर दाखवू."

मी खुर्ची बदलली. घसा बसला आहे.

"लिहून देऊ देत. कुणीतरी वाचेल."

खुर्ची बदलली. उजवा हात फार दुखतो.

इथे प्रकरण हाताबाहेर गेलं. कुणीतरी साइटवर 'जुनी पट्टी, लवकर बरे व्हा' असं पान उघडलं. तीन दिवसांत दोनशे बारा लोकांनी सदिच्छा लिहिल्या! एकाने मनगटाचे व्यायाम पाठवले, चित्रांसह. एका बाईंनी गुळण्यांचं वेळापत्रक. हे सगळं बाबांच्या पत्त्यावर येत होतं आणि प्रत्येकाला आभाराचं उत्तर लिहिता लिहिता माझाच उजवा हात दुखायला लागला!

आई भाजी निवडत होती. न बघताच म्हणाली, "गेलेल्या माणसाला अजून किती आजारी पाडणार आहेस?"

"आई, हळू बोल."

"का? त्यांची झोप मोडेल?"

"हे शेवटचंच. यानंतर समितीवाले काही विचारणार नाहीत."

"असं तू घशाच्या वेळीही म्हणाली होतीस. आणि 'ऋणी आहे'? तुझे बाबा जन्मात कुणाचे ऋणी नव्हते."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "पत्ता काढ. आम्ही तिघं जुन्या पट्टीला भेटून येतो. फळं घेऊन!"

आता मात्र माझ्याकडे आजार उरला नव्हता. अध्यक्ष कॉलेजात शिकवतात. मी थेट त्यांची प्रयोगशाळा गाठली. ते एका खुर्चीचा स्क्रू पिळत जमिनीवर बसले होते.

"सर, जुनी पट्टी म्हणजे माझे बाबा. ते चार महिन्यांपूर्वी वारले." वाक्य आलं. पाठच होतं.

"हं," ते म्हणाले. "ही खुर्ची जरा धर."

मी धरली. "तुम्हाला माहीत होतं?"

"ते नाहीत, हे पहिल्याच उत्तरात कळलं. या माणसाने अकरा वर्षांत मला साधा नमस्कार घातला नाही, तो एकदम ऋणी? आणि ही कोण, असं बैठकीत सगळ्यांनी विचारलं. तू नाही विचारलंस."

"मग मला एवढं पळवलंत कशाला?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो! तू दर खेपेला नवं दुखणं काढायचीस. मी तरी तोंड उघडून कसं विचारू?"

खुर्ची सरळ उभी राहिली. मी हळूच विचारलं, "मग त्यांच्या तक्रारी बंद होणार?"

"का म्हणून? चूक दुरुस्त झाली की तक्रार बंद होते. दुरुस्त झाल्यात का?"

"नाही."

"मग झालं तर. आता मुख्य भाषणाची ती वीस मिनिटं तू बोल. पत्रिका छापून झाली आहे."

मला नकाराचे सगळे प्रकार येतात. एकही आठवला नाही.

परिषदेच्या दिवशी मी उभी राहिले. पहिल्या रांगेत आई. मी सांगितलं, की जुनी पट्टी म्हणजे कोण आणि ती आता नाही. एकदा नाही, वीस मिनिटांत चांगलं सहा वेळा सांगितलं. त्यांची टोकदार पेन्सिल, भिंग, पहाटे पाच वाजताचा संताप, सगळं सांगितलं. आवाज कुठेही फुटला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, सुटले! ते वाक्य आता पुन्हा कधी अवघड जाणार नाही.

मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. "त्यांची एक तक्रार मी आत्ता दुरुस्त करतेय. वळणावर रेघ तुटते, असं ते म्हणतात. ती फक्त छापताना तुटते, की पडद्यावरही?"

मला काही कल्पना नव्हती.

"एक मिनिट हं," मी माइकवर म्हणाले, "बाबांना विचारून सांगते."

पहिल्या रांगेत आईने कपाळावर हात मारून घेतला.