मिरसिनीला नोकरी लागता कामा नये

अथेन्समध्ये ऑगस्ट महिन्यात कोणी काम करत नाही, आणि जो करतो त्याला पगार नसतो. ही इथली रीतसर कार्यपद्धती आहे. तिच्याविरुद्ध तक्रार करायची सोयही आहे, फक्त तक्रार घेणारा तेव्हा कुठल्यातरी बेटावर पाण्यात असतो.

या कार्यपद्धतीनुसार मिरसिनी कात्सारू 'निळा कांदा' नावाच्या जाहिरात कंपनीत उन्हाळी शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाली. पगार शून्य. कंपनीचे मालक व्रेतोससाहेब यांनी तिला समोर बसवून समजावलं, की पगार सुरू झाला की माणसाचं कामातलं लक्ष उडतं. चांगलं काम केलंस तर सप्टेंबरात नोकरी देऊ, असंही ते बोलून गेले. मिरसिनीच्या बापाचं दुकान बसलेलं, घर आईच्या शिवणकामावर चाललेलं. त्या घरात सप्टेंबरचं नाव देवाच्या नावासारखं घेतलं जाऊ लागलं.

ऑगस्ट लागला. साहेब बेटावर गेले. त्यांच्यामागे चित्रकार, हिशेबनीस आणि कॉफीचं मशीन दुरुस्त करणारासुद्धा गेला. ऑफिसात मिरसिनी उरली आणि एक काम उरलं: कामगार मंत्रालयाची 'तरुणांना पगार द्या' ही मोहीम.

तिने मजकूर लिहिला आणि मंजुरीसाठी मंत्रालयात फोन लावला. मंत्री, सचिव सगळे पोहायला गेलेले. फोन तिथल्या उमेदवाराने घेतला.

"तुला मंजुरीचा अधिकार आहे का?"

"नाही. पण शिक्का माझ्यापाशी ठेवून गेलेत."

"मग मार की."

"मारतो. तुला किती देतात गं?"

"तुला देतात तितकेच."

अशा रीतीने तरुणांना पगार द्यावा, हे सरकारी धोरण दोन बिनपगारी तरुणांनी मंजूर केलं. फोटोसाठी मॉडेल मिळेना, कारण मॉडेलही बेटावर. मग मिरसिनी स्वतःच पायरीवर बसली आणि टायमर लावून फोटो काढला. खाली लिहिलं: 'ही मिरसिनी. पदवी आहे, नोकरी नाही.' करारावर मॉडेल म्हणून तिने सही केली. कंपनीच्या वतीनेही तिनेच केली, दुसरं होतं कोण?

सप्टेंबरात शहर उन्हाने रापून परत आलं आणि चौकाचौकांतल्या फलकांवर मिरसिनी बघून हेलावलं. बसथांब्यावर बाया डोळे पुसू लागल्या. मंत्र्यांनी फलकाशेजारी उभं राहून फोटो काढला. 'सत्यकथेवर आधारित जाहिरात' या गटात एका मोठ्या पुरस्कारासाठी मोहिमेची निवड झाली. मिरसिनी केस नीट बांधून साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, सप्टेंबर आलाय साहेब.

व्रेतोससाहेबांना भरून आलं.

"पोरी, आज तुला कामावर घेतलं तर फलकावरचं वाक्य खोटं ठरेल. आपण जाहिरातवाले. आपल्याला खोटं बोलून कसं चालेल?"

मग फलक उतरवा, असं ती म्हणाली. जागा वर्षभरासाठी घेतली आहे, असं ते म्हणाले.

मिरसिनी गल्लीतल्या बेकरीत गेली. बेकरीवालीने तिला ओळखलं, छातीशी धरलं आणि उद्यापासून गल्ल्यावर बस म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे वकील आले. तीळ लावलेले दोन गोल कुलुरी पाव विकत घेऊन त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं, की या मुलीची बेकारी ही कंपनीची मालमत्ता आहे, करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत, तेव्हा नोकरी देऊन त्या मालमत्तेचं नुकसान करणाऱ्याकडून भरपाई घ्यावी लागेल. बेकरीवाली रडली. रडत रडत तिने मिरसिनीच्या अंगावरचा एप्रन सोडवून घेतला.

घरी आईने शिवणयंत्र थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे बेकार म्हणून तुला कामावर ठेवलंय?"

"हो."

"सुट्टी असते का?"

"नाही."

आई उठली, तडक कंपनीत गेली आणि हुंदका देत पोरगी सोडा म्हणाली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, की हाच हुंदका कॅमेऱ्यासमोर पुन्हा देता येईल का? पुढच्या मोहिमेला आई हवीच होती. मानधन नव्हतं, पण ओळख होणार होती.

वर्ष संपत आलं तेव्हा मंत्रालयाने मोहिमेच्या यशाची पाहणी केली. फलकासमोर थांबणाऱ्यांना दोनच प्रश्न होते: वाईट वाटलं का, आणि किती. 'हिला नोकरी देता का', हा प्रश्न अवघड जाईल म्हणून ठेवला नव्हता. निकाल इतका उत्तम आला की फलकाला आणि मिरसिनीच्या बेकारीला एकदमच मुदतवाढ द्यायचं ठरतंय.

तुम्हालाही आत्ता वाईट वाटलं असेल. किती, तेवढं सांगून जा. मुदतवाढीच्या प्रस्तावाला आकडा जोडायचा आहे.