ट्रॅम्पोलिनची हिवाळी तपासणी

रविवारी सकाळी अर्धा चहा कपात तसाच ठेवून तपासनीस मागच्या अंगणात उतरले आणि ट्रॅम्पोलिनची पहिली स्प्रिंग त्यांनी आकड्याने ओढून काढली. दुसरीला हात घालणार, तोच त्यांची मुलगी अनवाणी धावत आली. एका जागी ती कधी सापडत नसे, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत.

"बाबा, आज नको ना. आज आम्हाला उड्या मारायच्यात."

"मग मारा की. अर्ध्या तासाचं तर काम. थंडीच्या आत स्प्रिंगा काढून पुसायच्या, तेल द्यायचं, कापड धुवायचं आणि परत लावायचं."

"पण ती आज जाणारे."

ती म्हणजे शेजारची मैत्रीण. तिच्या वडिलांची बदली झाली होती. शेजारच्या फाटकाशी ट्रक उभा होता, सामान चढत होतं आणि जेवणाच्या आत निघायचं ठरलं होतं. हात धरून उड्या मारायच्या, एक खाली आली की दुसरी वर, पण हात काही सोडायचा नाही, हे त्या दोघी याच ट्रॅम्पोलिनवर पडत धडपडत शिकल्या होत्या. ती उडी शेवटची एकदा मारायची, एवढंच पोरीचं मागणं होतं.

"अहो, पुढच्या रविवारी करा की," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली.

"आणि मधे गंज चढला म्हणजे?"

आता यावर कोण काय बोलणार? गृहस्थ लिफ्टचे तपासनीस. यांनी मान डोलावल्याशिवाय भल्या भल्या इमारतींची लिफ्ट जागची हलत नसे. ऑफिसात ठेवून यायची ती सवय हे रोज घरी घेऊन येत. भिंगरीचा पाळणा आला तेव्हा आधी त्यात वाळूची पिशवी निजवून यांनी तासभर झोके दिले होते, आणि खरं बाळ शेजारच्या सतरंजीवर रडत पडलं होतं. माणूस वाईट नाही हो, जीव टाकतो पोरीवर. पण त्याची माया आधी तपासणी करते आणि मग जवळ येते.

तर तपासनिसांनी स्प्रिंगा काढल्या. एका टोकापासून ओळीने, अगदी पद्धतशीर. खरं म्हणजे एक इकडची, एक समोरची अशा काढायच्या असतात. अर्ध्या निघाल्या तसा उरलेल्यांनी कापडाला आपल्याकडे ओढलं आणि गोल लोखंडी कडं एका अंगाला चेपून बसलं. तपासनिसांनी त्याकडे पाहिलं आणि उरलेल्याही काढल्या. मग स्प्रिंगांना सढळ हाताने तेल दिलं. त्याच हातांनी कापड उचललं, तर त्यावर पंजे उमटले. ते घालवायला साबणाची पावडर ओतली, तिचा एवढा फेस झाला की पाईप लावला तरी संपेना. कापड दोरीवर गेलं तेव्हा शेजारचा फ्रिज ट्रकमध्ये चढत होता.

"बाबा, झालं?"

"होतच आलंय."

कडं सरळ करायला मेहुण्याला बोलावून आणलं. बायकोचा हा धाकटा भाऊ गल्लीच्या टोकाला राहत असे, अंगाने दणकट आणि स्वभावाने उतावळा. त्याने पाय लावून कडं गोल केलं, ओलसर कापड पसरलं आणि स्प्रिंगा अडकवायला घेतल्या. तेलाने त्या हातात ठरेनात. शेवटच्या काहींपैकी एक आकड्यातून सटकली, सणसणत भिंतीवरून पलीकडे गेली आणि कुठेतरी खणकन वाजली.

"जाऊ दे, भावोजी. एवढ्या स्प्रिंगांत एक नसली तर काय बिघडतं?"

"लिफ्टच्या दोराची एक तार तुटली तर तू चढशील?"

"मी जिन्याने जाईन. पण पोरींना दोन उड्या मारू दे की."

तपासनीस ऐकतात थोडेच. ते तडक शेजारी गेले. आवाज भांड्याचा होता, भांड्यांची खोकी नुकतीच चढली होती, म्हणजे खोकी उतरवणं आलं. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. मैत्रिणीचे वडील मुळात भिडस्त, त्यात शेजाराचा शेवटचा दिवस.

"बघा, सापडते का," ते कसंबसं म्हणाले.

खोकी उतरली. ताटं, वाट्या, गाळणी सगळं फाटकासमोर मांडलं गेलं. मैत्रिणीची आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. स्प्रिंग शेवटच्या खोक्यात, पातेल्यात निघाली. तपासनिसांनी ती वर धरून पाहिली.

"वाकली नाही," ते समाधानाने म्हणाले.

ती स्प्रिंग जागेवर बसली तेव्हा दोघी मुली चपला काढून, हात धरून तयार उभ्या होत्या. कापड कसं ताणून बसलं होतं, नव्यासारखं. भिंगरीने शिडीवर पाय ठेवला.

"थांबा," तपासनीस म्हणाले. "आधी मी."

"अहो, राहू द्या ना आता," बायको म्हणाली.

"एकच मिनिट."

ते वर चढले. मध्यभागी उभे राहून त्यांनी हळूच गुडघे वाकवले. मग कडेकडेने फिरत प्रत्येक स्प्रिंगवर अंगठा दाबून पाहिला. ट्रकचा हॉर्न वाजला. तपासनीस पलीकडच्या बाजूला पोचले होते. हॉर्न पुन्हा वाजला आणि मैत्रिणीच्या वडिलांनी तिला हाक मारली, जरा चढ्या आवाजात. तिने चपला घातल्या. भिंगरीने तिचा हात फाटकापर्यंत धरून ठेवला.

"उत्तम," तपासनीस वर उभं राहून म्हणाले. "या आता."

अंगणात मेहुणा तेवढा होता, आणि तो मान खाली घालून हात पुसत होता.

बऱ्याच वेळाने भिंगरी परत आली. तपासनीस तोवर खाली उतरले होते. चुकलं, फार चुकलं, हे कळायला त्यांना कुठल्याही आकड्याची गरज नव्हती.

"मार ना उड्या, बेटा. हव्या तेवढ्या मार. मी बघणारसुद्धा नाही."

"नको."

ती खोलीत जाऊन ट्रॅम्पोलिनचं जाड आवरण ओढत घेऊन आली.

"अगं, उद्या घालू ते."

"थंडीच्या आत घालायचं असतं ना," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. रागाने बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

तिने आवरण पसरलं, खाली बसून दोऱ्या बांधल्या. बांधलेली गाठ एकदा ओढून पाहिली, दोन पावलं पुढे गेली आणि मागे येऊन पुन्हा ओढून पाहिली. खिडकीतून बायको आधी पोरीकडे आणि मग नवऱ्याकडे पाहत राहिली.

"ती एक गाठ सैल राहू दे," तपासनीस जवळ जाऊन म्हणाले. "मधेच कधी वाटलं तर काढायला बरं."

"वारा शिरतो बाबा," भिंगरी म्हणाली आणि तीही गाठ आवळून ती घरात गेली.

तपासनीस खाली वाकले. त्यांनी एकेक गाठ बोटाने चाचपली. एखादी तरी कच्ची निघावी, असं त्यांना फार वाटत होतं. पण सगळ्या अगदी चोख होत्या.